आधी मुलीचे बोट, मग मुलाचा हात

एका पालकांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ११ वर्षांचा. सायकलवरून पडला आणि उजव्या हाताची, कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडे मधोमध मोडली. भूल देऊन हाड बसवले, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर केले. आठव्या दिवशीच्या एक्स-रेत हाड पुन्हा वाकलेले दिसते, २० अंश. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून रॉड टाकू. दुसरे म्हणतात लहान मुलांचे हाड वाढता वाढता सरळ होते, राहू द्या. आजी म्हणतात हाडवैद्याकडे न्या. आणि शेवटी एक ओळ: धाकट्या मुलीचे, वय ४, बोट सहा दिवसांपूर्वी दारात चेमटले, नख मुळापाशी वर आले होते, ड्रेसिंग चालू आहे, अजून थोडे ओले आहे.

तुम्ही मुलाबद्दल पानभर लिहिले आहे आणि मुलीबद्दल एक ओळ. मी मुलीपासून सुरू करतो. मुलाच्या हाताचा निर्णय घ्यायला तुमच्याकडे अजून तीन-चार दिवस आहेत. मुलीच्या बोटाला तेवढेही देऊ नका.

लहान मुलांच्या प्रत्येक पेऱ्यात बुडाशी वाढीची चकती असते. हाड लांब होते ते तिथूनच. शेवटच्या पेऱ्यात ही चकती नखाच्या मुळाच्या अगदी खाली, कागदाच्या घडीइतक्या अंतरावर असते. दार आपटते तेव्हा कधीकधी पेरे नेमके त्या चकतीपाशी मोडते आणि नखाचे मूळ कातडीच्या घडीतून उपटून वर येते. बघणाऱ्याला दिसते ते इतकेच, की नख निघाले आणि थोडे रक्त आले. प्रत्यक्षात ते उघडे फ्रॅक्चर असते, म्हणजे बाहेरची घाण थेट हाडापर्यंत जाऊ शकते. १९६६ मध्ये सीमोर या सर्जनने हे नीट वर्णन केले, म्हणून आम्ही त्याला सीमोर फ्रॅक्चर म्हणतो. नखाखालची मऊ गादी मोडीच्या फटीत अडकते, त्यामुळे बोटाचे टोक खाली झुकलेले राहते आणि कितीही पट्टी बांधली तरी सरळ होत नाही. झुकलेले टोक बघून 'शीर तुटली', म्हणजे बोट सरळ करणारी दोरी तुटली, असे समजून चमच्यासारखी पट्टी लावून पाठवलेली मुले मी बरीच पाहिली आहेत.

घरी बघायची एक खूण सांगतो. दोन्ही हात शेजारी ठेवा आणि त्याच बोटाचे दुसऱ्या हाताचे नख पाहा. दुखऱ्या बोटाचे नख जास्त लांब दिसत असेल, तर ते लांब झालेले नाही. कातडीखाली असायला हवा तो भाग वर आला आहे. असे दिसले, किंवा सहा दिवसांनंतरही तिथून ओल येत असेल, तर आजच त्या एका बोटाचा, बरोबर बाजूने, एक्स-रे काढा. सगळ्या पंजाचा एकच समोरून काढलेला एक्स-रे यात काही सांगत नाही. शेजारची बोटे आड येतात.

सीमोर निघाले तर उपाय ऑपरेशनच आहे, पण छोटे. भूल देऊन नख हलकेच काढायचे, फट उघडून सलाइनने धुवायची, अडकलेली गादी बाहेर ओढायची. ती बाहेर आली की हाड बहुधा स्वतःहून जागेवर बसते. मग गरज पडली तर टोकातून एक बारीक वायर, गादीला केसासारखे बारीक, विरघळणारे टाके, आणि नख स्वच्छ करून झाकण म्हणून परत. सोबत अँटिबायोटिक. वायर तीन-चार आठवड्यांनी ओपीडीत निघते. पहिल्या दिवशी केले असते तर सोपे होते. सहाव्या दिवशी जंतू शिरले असण्याची शक्यता धरून चालावे लागेल, म्हणून उद्यावर टाकू नका. राहून गेले तर हाडात पू होतो, चकती बंद पडते आणि बोट आखूड, नख फाटके राहते.

बोटांचा विषय निघालाच आहे तर अजून दोन गोष्टी, कारण पालक आणि कधीकधी डॉक्टरही त्या सोडून देतात. बोटाचे फ्रॅक्चर किती वाकले यापेक्षा ते पिळले आहे का, हे महत्त्वाचे. मुलाला मूठ मिटायला सांगा. चारही बोटांची टोके अंगठ्याच्या बुडाकडे, मनगटाच्या एकाच उंचवट्याकडे झुकली पाहिजेत. एक बोट शेजारच्यावर चढत असेल तर ते पिळलेले आहे आणि वाढ ते कधीही सुधारणार नाही. तान्हे किंवा रडणारे मूल मूठ मिटत नाही. तेव्हा त्याचे मनगट हळूच मागे वाकवा, बोटे आपोआप मिटतात. दुसरी गोष्ट पेऱ्याच्या मानेची, म्हणजे टोकाच्या लगेच मागच्या अरुंद भागाची. दारात अडकलेले बोट मूल झटक्याने ओढते तेव्हा पेऱ्याचे टोक मानेपाशी मोडून मागे उलटते. समोरच्या एक्स-रेत जवळजवळ काही दिसत नाही. वाढीची चकती पेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून इथे आपोआप सुधारणा फारशी होत नाही. सरकलेले असेल तर पहिल्या आठवड्यात बसवून वायर घालावी. तीन आठवड्यांनी आलात तर ते जुळून गेलेले असते, बोट पूर्ण मिटत नाही आणि सर्जनपुढचे काम तिप्पट अवघड होते.

याउलट करंगळीच्या बुडाशी मोडून ती बाहेर फाकली असेल, तर बघायला भयंकर दिसते पण बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. बधिर करून, करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात पेन्सिल ठेवून करंगळी आत दाबली की बसते. शेजारच्या बोटाला तीन आठवडे बांधून ठेवायची.

आता मुलाचा हात.

दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे खोटे नाही. लहान मुलाचे वाकडे जुळलेले हाड वाढताना खरोखर सरळ होते. मी स्वतः ३० अंशांत जुळलेले मनगट दोन वर्षांनी आरशासारखे सरळ झालेले पाहिले आहे. पण ते मूल सहा वर्षांचे होते आणि मोड मनगटाजवळ होती. सरळ होण्याचे काम वाढीची चकती करते, आणि ते तीन गोष्टींवर ठरते: अजून किती वाढ शिल्लक आहे, मोड चकतीपासून किती लांब आहे, आणि वाक कोणत्या दिशेचा आहे. हाताच्या या दोन हाडांची पाऊण हिश्शाहून अधिक वाढ मनगटाकडच्या चकतीतून होते. म्हणून मनगटाजवळचे फ्रॅक्चर सर्वांत चांगले सुधारते, मधले कमी आणि कोपराजवळचे सर्वांत कमी. मनगट ज्या दिशेला पुढे-मागे हलते त्या दिशेचा वाक सुधारतो. आडव्या दिशेचा कमी. पिळ मात्र जवळजवळ सुधारतच नाही. तुमच्या मुलाला चार-पाच वर्षांची वाढ बाकी आहे, पण मोड मधोमध आहे.

मधोमधचा वाक इतका का खटकतो, ते बघा. हात कोपरात वाकवून छातीपुढे धरा आणि तळवा वर करा, मग खाली करा. करंगळीच्या बाजूचे हाड खांबासारखे स्थिर राहते आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड त्याच्याभोवती फिरते. त्या फिरत्या हाडाला जन्मतःच एक बाक असतो, बादलीच्या कडीला असतो तसा. तो बाक चेपला किंवा दोन्ही हाडे एकमेकांकडे झुकली, की फिरणे अडते. तळवा खाली करायला अडचण आली तर माणूस खांदा उचलून वेळ मारून नेतो. टायपिंग होते, लिहिणे होते. तळवा वर होत नसेल तर खांद्याची मदत नाही. प्रसाद घेताना, तोंडावर पाणी मारताना, दुकानात सुट्टे पैसे घेताना ते रोज जाणवते.

म्हणून मी मधल्या फ्रॅक्चरसाठी आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलात १५ अंशांपर्यंत वाक चालवून घेतो, दहाच्या पुढे १० अंशांपर्यंत. सर्जनागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण ११ वर्षांच्या मुलात मधोमध २० अंश कोणी आनंदाने मान्य करेल असे मला वाटत नाही. शिवाय दुसऱ्याच आठवड्यात वाकलेले हाड तिथेच थांबेल याची खात्री नाही. सूज उतरते, प्लास्टर सैल होते, वाक वाढतो. तेव्हा माझे मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने. दुखापतीपासून दोन आठवड्यांच्या आत करा. त्यानंतर हाड धरू लागते, बंद पद्धतीने बसत नाही, चीर मोठी द्यावी लागते.

ऑपरेशन करणारा माणूस ऑपरेशनच सांगणार, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. माझ्याकडे हात मोडून येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना मी थिएटरात नेतच नाही. मनगटाजवळ हाडाला टिनच्या डब्यासारखा पोचा पडतो, त्याला तर पक्के प्लास्टरही लागत नाही. ब्रिटनमध्ये ४ ते १५ वर्षांच्या ९६५ मुलांवर केलेली तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली: अर्ध्यांना साधी पट्टी, अर्ध्यांना कडक स्प्लिंट. तीन दिवसांनंतरच्या वेदनेत फरक निघाला नाही. ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरलेले आणि दुसऱ्या बाजूने नुसते वाकलेले हाडही बहुधा भूल देऊन बसवून प्लास्टरमध्ये भागते. मुलांच्या हाडावरचे आवरण जाड असते. ते एका बाजूला शाबूत राहते आणि बिजागरीसारखे हाड धरून ठेवते. तुमच्या मुलात दोन्ही हाडे पूर्ण मोडली आहेत, ती बिजागरी बऱ्याच अंशी गेलेली आहे.

पहिले प्लास्टर चुकले का, असेही तुम्ही अप्रत्यक्षपणे विचारले आहे. फोटोवरून ठरवणार नाही. पण पुढे कधी कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो: या हाताचे चांगले प्लास्टर पाइपसारखे गोल नसते, चपटे असते. एक्स-रेत प्लास्टरच्या आतली जाडी बाजूने मोजायची आणि समोरून दिसणाऱ्या रुंदीने भागायची, उत्तर ०.८ च्या वर असेल तर हाड आत सरकण्याचा धोका वाढतो. इंग्रज सर्जन जॉन चार्न्ली शिकवायचे की हाड सरळ हवे असेल तर प्लास्टर वाकडे घालावे लागते. तीन जागी दाब देऊन, बिजागरी ताणून. आमच्याकडे गर्दीच्या ओपीडीत प्लास्टर गुळगुळीत आणि देखणे करण्याकडे कल असतो. देखणे प्लास्टर आतून सैल असते. तुमच्या डॉक्टरांनी आठव्या दिवशी एक्स-रे काढला हे मात्र त्यांचे बरोबरच झाले. पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढला नाही तर वाक सहाव्या आठवड्यात, प्लास्टर कापल्यावरच कळतो.

ऑपरेशनमध्ये नेमके काय करतात? लोक ज्याला रॉड म्हणतात ती खरे तर लवचीक सळई आहे, आम्ही तिला नेल म्हणतो, साधारण २ ते २.५ मिलिमीटर जाडीची, टायटॅनियमची किंवा स्टीलची. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या सर्जनांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठी ही पद्धत रुळवली. आपल्याकडे त्याआधीपासून तळवलकर यांच्या नावाची चौकोनी नेल हाताच्या हाडांत वापरत, आणि काही ठिकाणी अजून वापरतात. लवचीक नेलची खुबी अशी की ती आधी हाताने थोडी वाकवून घेतात. हाडाच्या पोकळीत गेल्यावर ती सरळ व्हायला बघते, आणि त्या ताणाने हाडाचा मूळ बाक परत येतो. जाडी पोकळीच्या सर्वांत अरुंद भागाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास; जाड घातली तर अडकते आणि हाड फाडते, बारीक घातली तर धरत नाही.

अंगठ्याच्या बाजूच्या हाडात ती मनगटाकडून शिरते, चकतीच्या वर दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडून. चकती कुठे आहे ते आम्ही सी-आर्मवर, म्हणजे थिएटरातल्या चालत्या एक्स-रेवर, सुई ठेवून आधी बघतो. चीर अंगठ्याएवढी. तिथे अंगठ्याच्या पाठीची संवेदना नेणारी एक नाजूक नस आहे, दोऱ्याइतकी. ती बाजूला सारल्याशिवाय पुढे जायचे नसते. काही सर्जन मनगटाच्या पाठीवरून शिरतात. तिथे ती नस वाचते, पण नेलचे टोक अंगठा उचलणाऱ्या शिरेला घासून ती तुटल्याची उदाहरणे आहेत, म्हणून टोक कुठे राहणार हे विचारायला हरकत नाही. करंगळीच्या बाजूच्या हाडात नेल कोपराकडून खाली येते. म्हणजे एक खालून वर, एक वरून खाली, आणि दोघींचे बाक विरुद्ध दिशांना, की दोन्ही हाडे एकमेकांपासून ताणून धरलेली राहतील.

मोडीपाशी नेल पोहोचली की खरी कसोटी. मदतनीस हात ओढून धरतो, सर्जन नेलचे वाकडे टोक फिरवत समोरच्या तुकड्याची पोकळी शोधतो. सापडली की हाताला कळते: आतापर्यंत भिंतीवर खरडणारी नेल एकदम लोण्यात शिरल्यासारखी सरकते. दोन-तीनदा प्रयत्न करून नाही सापडली तर मी मोडीवर दोन सेंटिमीटरची चीर देतो आणि डोळ्यांनी बघून घालतो. 'चीर न देता केले' याची ऐट मिरवायला पुन्हापुन्हा खुपसत राहिले की स्नायूंत सूज वाढते, आणि त्या सुजेची मला चिरेपेक्षा कितीतरी जास्त भीती वाटते. तेव्हा ऑपरेशननंतर तुम्हाला मोडीवरही एक टाक्यांची रेघ दिसली तर काही बिघडले असे समजू नका.

प्लेट आणि स्क्रू का नाहीत? चौदा-पंधरा वर्षांच्या, वाढ संपत आलेल्या मुलात, किंवा हाडाचे तुकडे झाले असतील तर, मीही प्लेटच निवडतो, मोठ्यांसारखी, ३.५ मिलिमीटर स्क्रूची. अकराव्या वर्षी गरज नसते. चीर लांब होते, आणि पुढे प्लेट काढताना नसा पुन्हा धोक्यात येतात.

थिएटरात जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, ती मी माझ्याच चुकीतून शिकलो. शिकून बाहेर पडल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी सात वर्षांची एक मुलगी आली. करंगळीच्या बाजूचे हाड मधे थोडे वाकलेले, बाकी सगळे ठीक. एक्स-रेत कोपर अर्धवट कापले गेले होते. मी प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले, हाड छान जुळले होते. चार महिन्यांनी तिची आई म्हणाली, कोपर पूर्ण वाकत नाही, केसांची वेणी घालता येत नाही तिला. नवीन एक्स-रे काढला तर दुसऱ्या हाडाचे डोके कोपरातून निखळलेले, पहिल्या दिवसापासून. इटलीतल्या मिलानच्या मोंतेज्ज्या या सर्जनने १८१४ मध्ये लिहून ठेवलेली दुखापत, आणि मी ती परीक्षेत पाठ करून लिहिली होती. पहिल्या दिवशी वाकलेले हाड सरळ केले असते तर डोके आपोआप जागेवर आले असते. तिला पुढे हाड कापून, प्लेट लावून मोठे ऑपरेशन करावे लागले, आणि हात तरीही पहिल्यासारखा पूर्ण झाला नाही. तेव्हापासून कोपर आणि मनगट दोन्ही न दिसणारा हाताचा एक्स-रे मी परत पाठवतो. फिरत्या हाडाच्या मधून एक रेघ ओढायची. ती एक्स-रे कुठल्याही बाजूने काढला तरी दंडाच्या हाडाच्या गोल टोकातून गेली पाहिजे. तुमच्या मुलाची दोन्ही हाडे मोडली आहेत म्हणून शक्यता कमी, पण ही रेघ ओढायला दहा सेकंद लागतात. डॉक्टरांना विचारा. ते रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा.

नसांची तपासणी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर झाली पाहिजे. मुलांकडून ती करून घ्यायची सोपी युक्ती म्हणजे दगड-कागद-कात्री. बोटे पसरून कागद झाला तर एक नस शाबूत, मूठ झाली तर दुसरी, कात्रीची बोटे फाकली तर तिसरी. शेवटी अंगठा आणि तर्जनीचा गोल करायला सांगायचा, 'मस्त' म्हणताना करतो तसा. त्याची नस ही मुठीच्या नसेचीच फांदी आहे, पण ती स्वतंत्रपणे दुखावू शकते. हा खेळ घरीही रोज घ्या.

आता आजींचे म्हणणे. हाडवैद्याबद्दल मी तुच्छतेने बोलणार नाही. डॉक्टर तालुक्याला आणि एसटी दिवसातून एकदा, अशा काळात लोकांनी आणखी कुठे जायचे होते? आणि साधी फ्रॅक्चर तशीही जुळतात, श्रेय कोणालाही मिळते. प्रश्न बांबूच्या कामट्या आणि त्यावरच्या घट्ट पट्टीचा आहे. मोडलेला हात पहिले दोन-तीन दिवस सुजतो. वरून पट्टी आवळलेली असेल तर सूज आत दाबत जाते, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरतात. पुढे ते आखडून बोटे कायमची पंजासारखी वाकतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. हेच गृहस्थ लिअँडर या टोपणनावाने परीकथाही लिहीत. असा हात मी दर एक-दोन वर्षांनी एखादा तरी पाहतो. एक मुलगा आला होता, पट्टी सोडल्यावर कामट्यांचे ठसे कातडीत पन्हाळीसारखे उमटलेले, बोटे गार, आणि तो रडायचा थांबला होता. वडिलांना वाटले, आराम पडला.

हेच आमच्या प्लास्टरमध्ये आणि ऑपरेशननंतरही होऊ शकते, म्हणून काय बघायचे ते पाठ करून ठेवा. बोटे काळीनिळी होईपर्यंत थांबू नका, ते फार उशिराचे लक्षण आहे. मूल औषध देऊनही शांत होत नाही, उलट जास्त कासावीस होते, वेदनेच्या गोळ्या लवकर लवकर मागते, आणि त्याची बोटे तुम्ही हळूच सरळ केलीत तर किंचाळते: एवढे पुरे. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. प्लास्टर असेल तर वरपासून खालपर्यंत, आतल्या कापसासकट, चिरून सैल करायचे. हाड सरकले तर परत बसवता येते.

आजींच्या दुसऱ्या आवडत्या उपायाबद्दल, म्हणजे मालिशीबद्दल: प्लास्टर किंवा टाके निघाल्यावर कोपर आखडलेले वाटते, आणि घरातले कोणीतरी तेल घेऊन बसते. नको. दुखावलेल्या कोपराला रगडले की तिथल्या स्नायूत हाड तयार होऊ शकते आणि मग कोपर खरोखरच अडते. मुलांना फिजिओथेरपीही फार वेळा लागत नाही. चेंडू द्या, गोलंदाजी आणि पडण्याचा धोका असलेले खेळ सोडून काहीही करू द्या. कांडवेल, म्हणजे हाडजोडीची भाजी, आजींना करायची असेल तर करू द्या, खाज येऊ नये म्हणून चिंच घालून.

ऑपरेशनचा दिवस कसा जातो हे तुम्ही विचारलेले नाही, पण मुले विचारतात. खाणे सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. 'रात्रीपासून काही नाही' असे सांगून मुलांना तहानलेले ठेवायची गरज नाही. भूल पूर्ण. हल्ली भूलतज्ज्ञ सोनोग्राफी बघून काखेत किंवा गळ्याजवळ नस बधिर करतात, त्याने पहिली रात्र बरी जाते. मात्र त्या काळात हाताची वेदना कळत नाही, म्हणून नर्सने बोटांवर लक्ष ठेवायचे. दुसऱ्या दिवशी घरी. मी कच्चे प्लास्टर दोन-तीन आठवडे ठेवतो, हाडासाठी कमी आणि शाळेतल्या धक्काबुक्कीसाठी जास्त. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. प्लास्टरमध्ये खाज आली तर फूटपट्टी, विणायची सुई, पावडर काही आत घालायचे नाही. हेअर ड्रायरची गार हवा चालते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात गेलात तर दाखल होण्याआधी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

तक्रारींत सर्वांत जास्त येते ती नेलच्या टोकाची, विशेषतः कोपराशी. बाकावर टेकले की टोचते, कधी कातडी लाल होते. लाल झाली तर दाखवा. दहा वर्षांवरच्या मुलांत करंगळीच्या बाजूचे हाड कधीकधी जुळायला रेंगाळते, चीर देऊन केले असेल तर जास्त. बहुतेक वेळा थांबून राहिले की जुळते, आणखी काही करावे लागत नाही.

नेल काढायची घाई करू नका. मी सहा महिन्यांच्या आत काढत नाही, आणि वर्षापलीकडे सहसा ठेवत नाही. लवकर काढली आणि मूल पुन्हा पडले तर हाड त्याच जागी मोडते. प्लास्टरने बऱ्या झालेल्या हातातही हे होते, म्हणून त्यांनाही प्लास्टर निघाल्यावर तीनेक महिने झाड, सायकल आणि कबड्डी बंद. काढणे अर्ध्या तासाचे काम, त्याच दिवशी घरी. त्यानंतरही महिनाभर सायकल नाही. मुलगा काढलेल्या नेल मागेल, सगळेच मागतात. आधी सांगून ठेवा, म्हणजे थिएटरातली सिस्टर त्या निर्जंतुक करून पाकिटात देईल.